आंबेडकरी विचारावर संशोधन करताना कोणत्या साधनावर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी आंबेडकरी राजकीय विचारसरणी हा विषय घेतला आहे. नेटवर आणि बाजारातल्या पुस्तकांत बाबासाहेबांच्या नावावर एकमेकांना छेद देणारी वाक्ये सापडतात. कुणी त्यांना समाजवादी ठरवतो, कुणी समाजवादाचा विरोधक. मग विश्वास कशावर ठेवायचा आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात तारखांच्या कोऱ्या तक्त्यापासून करा. या विचाराचा पसारा १९१६ पासून १९५६ पर्यंतच्या ४० वर्षांचा आहे, आणि तो माणूस या काळात सतत वाचत होता, लढत होता, आपली मते तपासून पुढे जात होता. १९२७ चे महाड, १९३२ चा पुणे करार, १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ चे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, १९४७ ते १९५१ चे मंत्रिपद आणि १९५६ ची धम्मदीक्षा हे टप्पे डाव्या बाजूला लिहा. पुढे वाचताना जे सापडेल ते त्या त्या टप्प्यासमोर मांडत जा. नेटवर जी वाक्ये एकमेकांना छेद देताना दिसतात, त्यांतली बरीचशी तारीख लावल्यावर एकाच प्रवासातले दोन मुक्काम ठरतात. जी उरतात, तीच खऱ्या संशोधनाचा विषय.

यानंतर साधनांची प्रतवारी. बाबासाहेबांच्या नावावर छापलेला मजकूर एकाच तोलाचा नाही. त्यांनी स्वतः लिहून, मुद्रिते तपासून, हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ सर्वांत वजनदार. दुसरी प्रत, पण त्याच तोलाची, विधिमंडळातली, घटना समितीतली आणि संसदेतली भाषणे, कारण तिथे लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घेत असे. तिसरी प्रत जाहीर भाषणांची. ही बहुतेक मराठीत झाली आणि वार्ताहराने टिपली, म्हणजे आशय बाबासाहेबांचा, पण वाक्यरचना बरेचदा वार्ताहराची. चौथी प्रत त्यांच्या पश्चात कागदपत्रांत सापडलेल्या हस्तलिखितांची आणि टंकलिखितांची. हा मजकूर त्यांचाच, पण त्यांनी त्यावर शेवटचा हात फिरवलेला नाही. आठवणी, चरित्रे, स्मरणिका आणि पोस्टर ही पाचवी प्रत. प्रबंधात कोणतेही वाक्य घेताना ते कोणत्या प्रतीचे आहे हे वाचकाला कळले पाहिजे.

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १४ एप्रिल १९७९ पासून इंग्रजीत लेखन आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. सुरुवातीच्या खंडांमागे संपादक वसंत मून यांचे अफाट कष्ट आहेत. हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. छापील प्रती शासकीय ग्रंथागारातून घेता येतात, मात्र काही खंड वारंवार संपलेले असतात. तुमच्या विषयाला लागणारे मुख्य खंड असे: पहिल्या खंडात जातिसंस्थेवरचे निबंध, जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण आणि घटना समितीसाठीचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन. दुसऱ्यात मुंबई विधिमंडळ, सायमन कमिशन आणि गोलमेज परिषद. आठव्यात पाकिस्तानविषयक ग्रंथ, नवव्यात काँग्रेस आणि गांधींवरचा ग्रंथ, तेराव्यात घटना समिती, चौदाव्यात हिंदू कोड बिल, पंधराव्यात संसदेतली भाषणे. सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागात इंग्रजी भाषणे आणि अठराव्याच्या तीन भागांत मराठी भाषणे आहेत. मराठी वाचकाने अठरावा खंड अजिबात टाळू नये. बाहेरच्या अभ्यासकांना जे इंग्रजीतून वाचावे लागते, ते तुम्हाला थेट वाचता येते. हे फार मोठे भांडवल आहे.

पण खंड उघडला की तो केव्हाचा मजकूर छापतो आहे हे आधी बघा. पाकिस्तानवरचे पुस्तक प्रथम १९४० च्या अखेरीस आले. पुढची आवृत्ती १९४५ मध्ये वेगळ्या नावाने आली आणि तिला नवा भाग जोडलेला होता. आठव्या खंडात ही वाढवलेली आवृत्ती आहे. त्यातला नव्या भागातला उतारा घेऊन "१९४० मध्ये आंबेडकर म्हणाले" असे लिहिले की पाच वर्षांची चूक झाली, आणि ती पाच वर्षे म्हणजे युद्ध, क्रिप्स योजना आणि गांधी-जिना बोलणी. तसेच जातिनिर्मूलनावरच्या भाषणाचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने निमंत्रण दिले, मजकुरावरून वाद झाला, अधिवेशनच रद्द झाले आणि १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या त्या आवृत्तीत गांधींचे 'हरिजन'मधले लेख आणि त्यांना दिलेले उत्तर जोडले आहे. ते उत्तर मूळ भाषणाचा भाग समजून कुणी अवतरण दिले, तर भाषण लिहिताना गांधींची प्रतिक्रिया समोर होती असा उलटाच अर्थ निघतो.

नवव्या खंडातल्या ग्रंथाबाबत याहून जास्त सावध राहा. तो १९४५ चा आहे. युद्ध संपत आले होते, निवडणुका तोंडावर होत्या, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व कोण करते या वादात तो उतरला होता. १९४५ मध्ये बाबासाहेब पुणे कराराकडे कसे पाहत होते, यासाठी त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. मात्र सप्टेंबर १९३२ मध्ये त्यांच्या मनात काय होते हे त्याच्या मुख्य प्रकरणांवरून ठरवायचे नाही. त्यासाठी गांधींच्या उपोषणावर त्यांनी १९ सप्टेंबर १९३२ रोजी काढलेले पत्रक वाचा. ते याच ग्रंथाच्या परिशिष्टात आहे. शेजारी कराराची मूळ कलमे ठेवा: प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आणि प्रत्येक जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडण्याची पद्धत. मग गांधींच्या गोटातले त्याच वर्षीचे वर्णन, त्यांचे सचिव प्यारेलाल यांचे, वाचा. तिन्ही साधने पुढ्यात असली की कोण काय गाळतो ते दिसते, आणि गाळलेली गोष्ट बरेचदा लिहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त सांगते.

गांधींच्या समग्र वाङ्मयाचे मूळ इंग्रजी १०० खंडच वापरा. नव्वदच्या दशकाअखेर निघालेल्या सुधारित इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत मजकूर गाळल्याच्या आणि क्रम बदलल्याच्या तक्रारी अभ्यासकांनी केल्या होत्या. तिचे खंडक्रमांकही मूळ आवृत्तीशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन्हींतून टिपणे घेतली की तळटिपांचा गुंता होतो.

तिसऱ्या आणि चौथ्या खंडाकडे, म्हणजे अप्रकाशित लेखनाकडे, वेगळ्या नजरेने बघावे लागते. तिथे संपादकांनी सापडलेल्या कागदांची जुळणी केली आहे आणि कुठे पाने अपुरी आहेत ते टिपांमध्ये सांगितले आहे. त्या टिपा वगळून फक्त मजकूर उचलणे ही नेहमीची चूक. चौथ्या खंडातल्या राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून १९८७ मध्ये महाराष्ट्र पेटला होता. त्यानंतर शासनाने त्या मजकुराशी सहमत नसल्याची टीप जोडली. म्हणून खंडाची कोणती छपाई तुमच्या हातात आहे ते नोंदवा. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंधही तिसऱ्या खंडातलाच, हयातीत न छापलेला. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेत केलेले भाषण याच विषयावर आहे, पण तो वेगळा मजकूर आहे आणि तो सतराव्या खंडाच्या तिसऱ्या भागात सापडतो. ही दोन्ही एकच समजून सरमिसळ केलेली अवतरणे नेटवर जागोजागी आहेत.

आता नियतकालिके. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७, 'समता' जून १९२८, 'जनता' नोव्हेंबर १९३० आणि 'प्रबुद्ध भारत' फेब्रुवारी १९५६. या विचाराचा रोजचा श्वास इथे ऐकू येतो, आणि ग्रंथांपेक्षा इथली भाषा कितीतरी जिवंत आहे. पहिल्या दोन पत्रांचे अंक शासनाने एकत्र छापले आहेत. 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकोबांचा "काय करूं आतां धरूनियां भीड" हा अभंग असे. तो फक्त सजावट म्हणून सोडून देऊ नका. अस्पृश्यांचे राजकीय पत्र काढणारा माणूस वारकरी परंपरेतल्या शब्दांनी तोंड उघडतो, हा स्वतःच एक पुरावा आहे.

या अंकांत मोठी अडचण कर्तृत्वाची. 'मूकनायक'वर संपादक म्हणून बाबासाहेबांचे नाव नव्हते. ते तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते आणि संपादक होते पांडुरंग नंदराम भटकर. नंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप आले. सुरुवातीचे अग्रलेख बाबासाहेबांचे मानले जातात. जुलै १९२० मध्ये ते लंडनला गेले. त्यानंतरच्या अंकातला निनावी अग्रलेख थेट त्यांच्या नावावर लावला की प्रबंध तपासणारा पहिले बोट तिथेच ठेवील. 'बहिष्कृत भारत'चे संपादक ते स्वतः होते, म्हणून तिथे जमीन घट्ट आहे. 'समता' आणि सुरुवातीचा 'जनता' यांचे संपादक देवराव नाईक. अशा ठिकाणी "जनतेतील अग्रलेखानुसार" असे लिहावे. "आंबेडकर लिहितात" असे लिहायला वेगळा पुरावा लागतो.

दुसरी अडचण तारखेची. पाक्षिकात किंवा साप्ताहिकात भाषण छापून येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जात. सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घ्या. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. नागपूरच का निवडले, धर्मांतर का केले, याचे सविस्तर विवेचन करणारे भाषण दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला झाले. ते 'प्रबुद्ध भारत'च्या २७ ऑक्टोबरच्या अंकात छापून आले. एकाच भाषणाला तीन पुस्तकांत तीन तारखा दिसतात त्या अशा. यावरचे टिपण असे करावे: "भाषण, नागपूर, १५.१०.१९५६. मूळ भाषा मराठी. पहिली छपाई प्रबुद्ध भारत, २७.१०.१९५६. वाचलेले रूप खंड १८ भाग ३, छापील पान अमुक. तिसरी प्रत." एवढ्याला दोन मिनिटे लागतात. ती वाचवली तर शेवटच्या महिन्यात तीच तळटीप शोधण्यात दोन दिवस जातात. पान लिहिताना छापील पानाचा आकडा लिहा. पीडीएफचा आकडा सुरुवातीच्या प्रस्तावनेमुळे पुढे सरकलेला असतो.

भाषांतराचा सापळा बघायचा असेल तर "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे वाक्य घ्या. गावोगावच्या फलकांवर ते आहे. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतले इंग्रजी भाषण काढा. तिथे अखेरच्या सल्ल्यात 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट अँड ऑर्गनाइझ' असा क्रम आहे आणि लगेच पुढे स्वतःवर विश्वास ठेवा असे सांगितले आहे. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद म्हणूनही हीच त्रयी सांगितली जाते. म्हणजे मधला शब्द चेतवण्याचा, चळवळ करण्याचा आहे आणि संघटन शेवटी आहे. मराठीत हे दोन शब्द अदलाबदल होऊन रुळले. घोषणा म्हणून त्यात काहीच बिघडत नाही, तिने पिढ्या उभ्या केल्या. पण "बाबासाहेबांनी आधी संघटना आणि मग संघर्ष असा क्रम सांगितला" हा सिद्धांत कुणी मांडला, तर तो भाषांतरावर उभा आहे. असे प्रबंध लिहिले गेले आहेत.

संदर्भ तोडल्याचे सर्वांत जास्त फिरणारे उदाहरण राज्यसभेतले आहे. २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्य विधेयकावर बोलताना बाबासाहेब संतापून म्हणाले की मी ही घटना केली असे मित्र सांगतात, पण ती जाळणारा पहिला माणूस मीच असेन. पोस्टरवर एवढेच येते. पंधरावा खंड उघडून त्या वाक्याच्या आधीची आणि नंतरची किमान तीन-तीन पाने वाचा. चर्चा अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालांना अधिकार असावेत की नसावेत याची होती, आणि बहुसंख्य-अल्पसंख्य हा भेद विसरून चालणार नाही हा त्यांचा मुद्दा होता. त्या वाक्याची आठवण सभागृहात त्यांना पुन्हा करून देण्यात आली, तेव्हा १९ मार्च १९५५ रोजी त्यांनी उत्तर दिले: देवासाठी मंदिर बांधले, पण देव बसायच्या आधीच असुरांनी त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते? दोन्ही तारखा एकत्र दिल्याशिवाय हे अवतरण वापरूच नये. आणि दोन्हींच्या मागे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतले समारोपाचे भाषण ठेवावे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते हा इशारा आणि २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार हे वाक्य, दोन्ही त्यातलेच आहे.

ज्या अवतरणाला तारीख, ठिकाण आणि पहिली छपाई यांपैकी एकही नाही, ते प्रबंधात घेऊ नका, मग ते कितीही सुंदर असो. 'वाघिणीचे दूध' ही प्रतिमा बघा. शिक्षणाबद्दल ती बाबासाहेबांच्या नावावर फिरते, आणि इंग्रजी भाषेबद्दल विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर आपण शाळेपासून ऐकतो. अशा वाक्यावर युक्तिवाद रचायचा नसतो. ते लोकांच्या तोंडी का रुळले हा मात्र अभ्यासाचा चांगला विषय होऊ शकतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, समाजवादी की नाही, आणि ही सगळी पद्धत त्यावर लावून बघू. पहिला थांबा १९३६: स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा आणि त्याच वर्षीचे जातिनिर्मूलन. त्यात समाजवाद्यांना थेट विचारले आहे की जातीचा राक्षस आडवा असताना आर्थिक क्रांती कशी करणार. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे हे वाक्यही तिथलेच. दुसरा थांबा दुसऱ्या खंडात: १९३७ चे खोती (कोकणातली जमीनदारी पद्धत) नष्ट करण्याचे विधेयक आणि १९३८ मधला औद्योगिक तंटा विधेयकाला विरोध. त्या विरोधात ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांसोबत संप झाला. ही प्रत्यक्ष कृती आहे, आणि विचारसरणी तपासताना ठरावावर दिलेले मत दहा भाषणांना भारी असते. तिसरा थांबा मनमाड, फेब्रुवारी १९३८, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, हे वाक्य इथले. बहुतेक लोक इथेच थांबतात. पुढच्याच ओळींत ते ब्राह्मणशाहीची व्याख्या करतात: ब्राह्मण समाजाची सत्ता किंवा हितसंबंध असा आपला अर्थ नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत शिरलेली आहे. व्याख्या गाळली की सगळा अर्थ वाकडा होतो.

चौथा थांबा मार्च १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा ही राज्याची मक्तेदारी, शेती हा राज्याचा उद्योग, जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना कुळे म्हणून देऊन सामूहिक कसणूक, आणि हे सगळे घटनेतच लिहून ठेवायचे, म्हणजे संसदीय बहुमताच्या लहरीवर ते अवलंबून राहणार नाही. हुकूमशाही टाळून समाजवाद आणण्याचा हा त्यांचा स्वतःचा तोडगा. इथे एक गोष्ट लिहायला विसरू नका: हे निवेदन शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने होते. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते जे बोलले, ते समितीने घेतलेल्या निर्णयांचे समर्थन होते. कोणत्या खुर्चीवरून बोलले याची नोंद तक्त्यात हवीच. पाचवा थांबा काठमांडू, १९५६. दारिद्र्याचा आणि शोषणाचा प्रश्न मार्क्सने ओळखला हे ते मान्य करतात, हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारतात आणि बुद्धाचा मार्ग पुढे ठेवतात. हे पाच थांबे ओळीने मांडले की "होते की नव्हते" हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणत्या साधनाने, कोणत्या हमीवर आणि कोणाच्या बळावर समता आणायची, असा खरा प्रश्न समोर येतो. तुमचा प्रबंध याच प्रश्नावर उभा राहू शकतो.

खंडांच्या बाहेर जायचे असेल तर मुंबईत महाराष्ट्र राज्य अभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. विभागप्रमुखांचे सहीशिक्क्याचे पत्र आणि ओळखपत्र न्या. तिथे व्यक्तीच्या नावाने शोध घेऊन फारसे हाती लागत नाही. दप्तर खात्यानुसार लावलेले असते. गृह खात्याच्या विशेष शाखेच्या वर्षवार सूची मागवा आणि सभा, सत्याग्रह, मंदिरप्रवेश, डिप्रेस्ड क्लासेस या मथळ्यांखाली बघा. आदल्या दिवशी सूचीतून क्रमांक काढून ठेवले तर दिवस वाया जात नाही, कारण मागणीपत्र दिल्यापासून फाईल टेबलावर यायला वेळ लागतो आणि काही फाईली जीर्ण म्हणून मिळत नाहीत. घरबसल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे, आणि एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथ संजीवनी' या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे आहेत. शासनाने १९८२ मध्ये छापलेला चळवळीच्या साधनांचा खंड आधी चाळा. त्यात वृत्तपत्रांतल्या बातम्या आणि पोलिसी अहवाल कालक्रमाने दिले आहेत, त्यामुळे कोणत्या तारखेचा अंक शोधायचा ते कळते.

पोलिसी अहवाल आकडे आणि हजर लोकांची नावे यांसाठी उपयोगी. भाषणाचा आशय त्यावरून ठरवू नका, कारण लिहिणारा फक्त सरकारला धोका कुठे आहे ते टिपत असे. 'बॉम्बे क्रॉनिकल' राष्ट्रीय चळवळीच्या बाजूचे, 'टाइम्स ऑफ इंडिया' तेव्हा इंग्रजांच्या मालकीचे, 'केसरी' टिळक पक्षाचे आणि 'जनता' स्वतःचे. एकाच सभेची बातमी यांतल्या निदान दोघांत बघा. दोघे विरोधक ज्या गोष्टीवर एकमत असतात, ती बहुधा घडलेली असते.

शोधताना शब्द त्या काळचे वापरा. 'दलित' टाकून शोधले तर निम्मे साहित्य निसटते. अंत्यज, अस्पृश्य, बहिष्कृत वर्ग, डिप्रेस्ड क्लासेस, हरिजन, आणि १९३५ च्या कायद्यानंतर शेड्यूल्ड कास्ट, हे सगळे टाका. जुन्या मराठीत "नाहीं", "आतां", "करूं" असे अनुस्वार असत. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आल्यावर ते गेले. स्कॅन केलेल्या अंकांवर यंत्राचा शोध चालत नाही तो बरेचदा यामुळे, आणि पुसट खिळ्यांमुळे. अशा अंकांना डोळ्यांनीच वाचावे लागते. अवतरण देताना जुने लेखन जसेच्या तसे ठेवा.

चरित्रांत चांगदेव खैरमोडे यांचे बहुखंडी मराठी चरित्र आणि धनंजय कीर यांचे १९५४ चे इंग्रजी चरित्र ही दोन पायाभूत. दोघांनी बाबासाहेबांच्या हयातीत काम सुरू केले आणि प्रत्यक्ष माणसांना विचारले, म्हणून पत्रे आणि प्रसंग यांसाठी ती मोलाची. पण त्यांतला संवाद हा पुन्हा रचलेला असतो. तो अवतरणचिन्हांत बाबासाहेबांच्या तोंडी घालू नका.

१९५६ नंतरचा टप्पा घेणार असाल तर हाच नियम लावा: आधी पक्षांची आणि संघटनांची स्वतःची कागदपत्रे, मग त्यांच्यावरचे लेखन. रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर १९५७ चा. त्यातली फूट समजून घ्यायला ठराव आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या मागण्या वाचाव्यात. दलित पँथर १९७२ ची. तिच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात भूमिहीन, कामगार आणि स्त्रियाही येतात. या जाहीरनाम्यावर आतूनच मार्क्सवादी म्हणून टीका झाली, म्हणून तो सर्व पँथरची भूमिका म्हणून देऊ नये. त्याला झालेला विरोधही सोबत द्यावा. पुढे बहुजन समाज पक्ष स्थापन करणारे कांशीराम यांनी पुणे कराराला ५० वर्षे झाली तेव्हा, सप्टेंबर १९८२ मध्ये, आपली मांडणी छापली. १९४५ च्या ग्रंथाचा धागा तिथे कसा पुढे नेला आहे हे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

स्त्रियांचे साहित्य मुद्दाम शोधावे लागते, कारण पुरुष वार्ताहरांनी ते दोन ओळींत आटोपले. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, ठराव झाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन छापल्या आहेत. मुलाखतीतल्या तारखांना दुसरा आधार शोधा, पण घरात आणि वस्तीत हा विचार कसा पोचला हे तिथेच कळते. जलशांची आणि भीमगीतांची हीच गोष्ट. वामनदादा कर्डकांचे गाणे बाबासाहेब काय म्हणाले याचा पुरावा होत नाही. लोकांनी काय ऐकले आणि काय मनात धरले, याचा तो अस्सल पुरावा आहे.

लघुप्रबंधाला सहा महिने असतील तर पहिले दोन फक्त खंडांना द्या: पहिला, दुसरा, नववा, पंधरावा आणि अठराव्याचा तुमच्या काळाचा भाग. तिसऱ्या महिन्यात नियतकालिकांचे निवडक अंक, चौथ्यात विरोधकांचे मूळ लेखन, आणि अभिलेखागाराला सलग पाच-सहा दिवस. दुय्यम ग्रंथ पहिल्या महिन्यात वाचायचे ते फक्त त्यांच्या तळटिपांसाठी. तळटीप जिथे नेते तिथे जाऊन मूळ पान उघडा. दोन-चार ठिकाणी अवतरण जुळले नाही, तर त्या ग्रंथातली बाकीची अवतरणेही मूळ पाहिल्याशिवाय घेऊ नका.